सार, स्मार्टडी, जर्नलडी: डिफॉल्टवर सोडू नका

वागळे इस्टेटमधला एखादा गाळा घ्या. पार्टिशनच्या केबिनमध्ये, झेरॉक्स मशीनला खेटून, उबुंटूचा टॉवर सर्व्हर. सगळ्या ऑफिसची ड्रॉइंग्ज त्यावर. दुपारी कुणीतरी विचारतं, "सकाळी साडेअकराला एवढं का रखडलं होतं?" सिसस्टॅट (सर्व्हरवरच्या भाराच्या नोंदी ठेवणारं पॅकेज) तर केव्हाचं टाकलेलं. त्या नोंदी दाखवणारं 'सार' चालवावं तर उत्तर येतं: आजची फाइल नाही, डेटा गोळा करणं चालू आहे का ते पाहा.

नसतंच चालू. डेबियनमध्ये आणि उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत पॅकेज येतं, पण ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या 'सिसस्टॅट' फाइलीत 'एनेबल्ड'पुढे 'फॉल्स' असतं. ते 'ट्रू' करा, सर्व्हिस एनेबल करून रीस्टार्ट करा आणि सिस्टिमसीटीएलच्या (सर्व्हिस आणि टायमर सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची कमांड) लिस्ट-टायमर्समध्ये 'सिसस्टॅट-कलेक्ट' दिसतो का ते बघा. पहिली ओळ लगेच येत नाही. दोन नोंदींमधला फरक सार दाखवतं, तेव्हा वीस मिनिटं धीर धरा.

आता दोन नोंदींमधला हा दहा मिनिटांचा डिफॉल्ट अंतराल. सार जे दाखवतं ती 600 सेकंदांची सरासरी असते. सीपीयू 30 सेकंद 100 टक्क्यांवर अडकला, तर सरासरीत त्याचे 5 टक्के होतात. साडेअकराची बोंब खरी असते, आकडे मात्र शांत दिसतात. म्हणून 2 मिनिटं ठेवा. टायमरच्या मूळ फाइलीला हात लावू नका, अपडेटमध्ये बदल पुसला जाईल. 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरा. त्यात 'ऑनकॅलेंडर' (वेळापत्रकाची ओळ) लिहिण्याआधी एक रिकामी 'ऑनकॅलेंडर=' ओळ द्यायची. ती विसरली तर जुनी वेळ जात नाही, नवी तिच्यात मिसळते. 2 किंवा 5 मिनिटांना हे लक्षातच येत नाही, कारण दहाला दोन्हींनी भाग जातो. 15 केलंत की नोंदी वेड्यावाकड्या पडायला लागतात. शिवाय सिस्टिमडीचे टायमर डिफॉल्टने मिनिटभर उशिरा सुटू शकतात. 'ॲक्युरसीसेक' 1 सेकंद करा, नाहीतर 2 मिनिटांच्या अंतराला अर्थ उरत नाही. डेबियन-उबुंटूवर जुना डेटा 7 दिवस राहतो. 'हिस्टरी' ही सेटिंग 28 करा. त्यापुढे गेलात तर फाइलींची मांडणी बदलते, आणि छोट्या ऑफिसला तेवढी गरजही नसते.

डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडीची गोष्ट जास्त गंभीर, कारण इथे डिस्कच जाते. तो दर 30 मिनिटांनी डिस्क तपासतो आणि बिघाड दिसला की रूटला (मशीनच्या मुख्य खात्याला) मेल टाकतो. मशीनवर मेल पाठवायची सोयच नसेल, तर तो इशारा कुणाला मिळणार? एमएसएमटीपीसारखं मेल पाठवणारं काही बसवा, रूटचा मेल खऱ्या पत्त्यावर वळवा, मग स्मार्टडीच्या कॉन्फिग फाइलीतल्या ओळीत '-एम टेस्ट' (एम मोठ्या लिपीतला) टाकून सर्व्हिस रीस्टार्ट करा. मेल आला तरच काम झालं. नंतर तो शब्द काढा, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला मेल येईल.

याच फाइलीत एक सापळा आहे. 'डिव्हाइसस्कॅन' (डिस्क आपोआप शोधा) ही ओळ आली की स्मार्टडी तिच्या पुढचं काहीच वाचत नाही. लोक खाली हौसेने आपल्या डिस्कची ओळ लिहितात, ती कधी लागूच होत नाही. स्वतःच्या ओळी वर घ्या, किंवा डिव्हाइसस्कॅनपुढे हॅश लावा. मेगारेड कार्डामागच्या (अनेक डिस्क एकत्र जोडणारं कार्ड) डिस्क या स्कॅनला सापडतीलच असं नाही. न सापडल्यास त्यांना '-डी मेगारेड' आणि क्रमांक देऊन एकेक ओळ लिहावी लागते. सेल्फ-टेस्टचं वेळापत्रकही आपणच लिहायचं: रोज रात्री छोटी, आठवड्यातून एकदा मोठी. तापमानाचा इशाराही सहसा बंद असतो. शनिवारी एसी बंद करून कुलूप लागतं, आणि ठाण्याच्या मे महिन्यात ती केबिन म्हणजे भट्टी. '-डब्ल्यू 4,45,55' द्या (हाही मोठा): 4 अंशांचा फरक आणि 45 अंश लॉगमध्ये नोंदले जातात, 55 ला मेल.

पाऊस सुरू झाला की वीज जायला लागते, तेव्हा सिस्टिमचा लॉग लिहिणाऱ्या जर्नलडीकडे बघा. व्हार-लॉगमध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर नसेल, तर लॉग रॅममध्ये राहतो आणि रीबूटला जातो. रेड हॅट आणि तिच्यावर बेतलेल्या लिनक्समध्ये हे अजून भेटतं. फोल्डर असलं तरी साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या व्हायला 5 मिनिटं लागू शकतात. फक्त क्रिटिकल आणि त्यावरच्या तत्काळ लिहिल्या जातात. यूपीएसची बॅटरी म्हातारी असेल तर वीज जाण्याआधीचीच मिनिटं गायब! 'सिंकइंटरव्हलसेक' 30 सेकंद करा. जागेची चिंता नको: मर्यादा फाइलसिस्टिमच्या 10 टक्के, तीही 4 जीबीपर्यंतच.

प्रोमेथियस या देखरेखीच्या प्रणालीला मशीनचे आकडे देणारा नोड एक्स्पोर्टर मात्र उलट वागतो. तो सुरू होताच सगळ्या इंटरफेसवर 9100 पोर्ट उघडतो, पासवर्डशिवाय. त्याला लॅनच्या पत्त्यावर बांधा आणि फायरवॉलमध्ये फक्त प्रोमेथियसच्या मशीनला वाट द्या.