बुएंदिया घराण्याचं कोतवाल बुक: १८ प्रकरणं झाली, २ बाकी

गार्सिया मार्केझ यांची बुएंदिया घराण्यावरची कादंबरी 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड', ग्रेगरी रबासा यांचा १९७० चा इंग्रजी अनुवाद. १८ व्या प्रकरणापर्यंतच्या नोंदी पूर्ण. शेवटच्या दोन प्रकरणांतलं इथं काही नाही, पण त्याआधीचं सगळं आहे. ज्यांचं वाचन मागं आहे त्यांनी जपून.

पहिलं काम पेन्सिलीचं. मूळ पुस्तकात प्रकरणांना ना आकडे, ना नावं. नवं प्रकरण जिथं सुरू होतं तिथं १ ते २० आकडे टाकून घ्या, नाहीतर वाचनालयात चर्चेला बसल्यावर 'ते पावसाचं', 'ते केळीचं' असं चाचपडत राहावं लागतं. एक प्रकरण वीसेक पानांचं. संवाद कमी, परिच्छेद लांबलचक. वीस पानांना नोंदीसकट दीड तास धरा. आठवड्याला दोन प्रकरणं झेपतात, कापूस वेचणीच्या दिवसांत एकच. तीन केली की नोंद मागं पडते, आणि एकदा मागं पडली की दोन ऑरेलियानो एकात मिसळलेच समजा.

पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या वंशवृक्षावर कागद लावून ठेवा. कोण कोणाशी जुळणार हे तो आधीच सांगून टाकतो. आपला तक्ता आपण करायचा. वहीचं पान पुरत नाही. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू आडवी घ्या. पिढ्या उभ्या बसतात, अडचण रुंदीची. कर्नल ऑरेलियानोला १७ बायकांपासून १७ पोरं, सगळ्यांचं नाव ऑरेलियानो. त्यांना १७ चौकटी देऊ नका. एकच चौकट, तिच्यात १७ चा आकडा, आणि बाहेर तिघांची नावं पुरेत: त्रिस्ते (रेल्वे आणणारा), सेंतेनो (बर्फवाला) आणि अमादोर, जो या भावांच्या कत्तलीतून निसटतो आणि थेट १८ व्या प्रकरणात घराच्या दारात मारला जातो.

रेषा तीन प्रकारच्या. लग्नाची सरळ, लग्नाबाहेरची तुटक, पोसलेल्याची ठिपक्यांची. सगळ्यात जास्त चूक रेबेकापाशी होते. ती आईबापांच्या हाडांची पिशवी घेऊन घरात येते. ती बुएंदियांच्या पोटची पोर नाही. तिला सरळ रेषेनं जोडलंत तर कर्नलच्या थोरल्या भावाशी, होझे आर्कादिओशी, तिचं लग्न सख्ख्या भावाबहिणीचं होऊन बसतं आणि पुढचा सगळा अर्थ वाकडा जातो.

पिलार तेर्नेराच्या तुटक रेषा मात्र ठळक काढा. होझे आर्कादिओ आणि कर्नल, या दोन भावांपासून तिला दोन मुलं. त्यातल्या आर्कादिओपासूनच पुढचा वंश चालतो: रेमेदिओस, जुळे भाऊ, त्यांच्या पुढचे सगळे. म्हणून ही वही सातबाऱ्यासारखी ठेवून भागत नाही. वारस-फेरफारात पिलारचं नाव कधी चढलंच नसतं, आणि तिच्यावाचून तक्त्याचा खालचा अर्धा भाग कोरा. कोतवाल बुकाची रीत बरी: जन्मलं कोण, कोणाच्या पोटी, गेलं कधी. वारसाहक्क गेला उडत.

जुळ्यांच्या नावांपुढं प्रश्नचिन्ह टाका. घरात ऑरेलियानो म्हणजे घुमा, विचारी. होझे आर्कादिओ म्हणजे दांडगा, धडाडीचा. हे जुळे बरोबर उलटे निघतात. लहानपणी अदलाबदलीचा खेळ खेळता खेळता ते कायमचे बदलले गेले असावेत, असा घरातल्या म्हाताऱ्या उर्सुलाला, कर्नलच्या आईला, संशय. १७ व्या प्रकरणात दारूच्या नशेत दोस्त त्यांच्या पेट्या चुकीच्या खड्ड्यांत उतरवतात. चूक की दुरुस्ती, ते तुम्ही ठरवा.

'चमत्कार' असा वेगळा रकाना आधी केला होता, आता काढून टाकलाय. तो रकाना असला की वाचणारा प्रत्येक नोंदीला 'हे खरं, हे खोटं' करत बसतो. पुस्तकात तशी फाळणीच नाही. रेमेदिओस चादरींसकट आभाळात जाते, आणि घरातली सून फर्नांडा हिची तक्रार काय, तर चादरी गेल्या. त्या परत दे म्हणून ती देवाला विनवत राहते. उलट बर्फ, लोहचुंबक, कवळी यांच्याकडं मात्र गाव डोळे फाडून बघतं.

त्या जागी आता 'आकडा' हा रकाना आहे, आणि तो भराभर भरतो. पाद्री चॉकलेट पिऊन जमिनीपासून सहा इंच वर उठतो. कर्नलची बंडं ३२, सगळी हरलेली. जिवावरचे हल्ले १४, दबा धरून केलेले ७३. पाऊस ४ वर्षं, ११ महिने, २ दिवस. गार्सिया मार्केझ यांनीच एका मुलाखतीत सांगितलं होतं: आभाळात हत्ती उडतात म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, ४२५ हत्ती म्हटलं तर कदाचित ठेवतील. पावसाच्या प्रकरणाला आमच्याकडं सरळ 'ओला दुष्काळ' हा मथळा दिलाय. दुबार पेरणी करणाऱ्याला ते वेगळं समजवावं लागत नाही. त्यानंतर १० वर्षं थेंब नाही, हेही तिथंच नोंदवा.

इतिहासाच्या तारखा मुख्य नोंदीत घुसवू नका, वहीच्या मागच्या पानांवर ठेवा. कोलंबियातलं हजार दिवसांचं युद्ध, १८९९ ते १९०२. युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीमजुरांवर सिएनागामधला गोळीबार, डिसेंबर १९२८. कादंबरीत मेलेले तीन हजारांवर, प्रेतं जवळपास २०० डब्यांच्या गाडीत, आणि दुसऱ्या दिवशी गाव म्हणतं, काही झालंच नाही. १९२८ चा आकडा मधे घातला की तक्त्यातल्या वयांची बेरीज जुळवत बसावं लागतं, आणि ती जुळत नाही.

आता १८ वं. जिप्सी मेल्कियादेसनं घरात ठेवलेली हस्तलिखितं संस्कृतात आहेत हे इथं कळतं. पण खूण १० व्या प्रकरणातच पडली होती: ती अक्षरं तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. शिरोरेखा! रोज देवनागरी वाचणाऱ्याच्या ते तिथंच ध्यानात यायला हवं. मधे अक्षरांची संख्याही येते, ४७ ते ५३. वर्णमाला मोजून बघायची तेवढी होती. आमच्या वहीत १० व्या प्रकरणापुढं 'लिपी अनोळखी' असं लिहिलंय, वर लाल शाईनं अधोरेखित. ते खोडून मग १९ वं उघडायचं.