ठसा जुना की नवा: जर्मन होल्स्टर पारखताना

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कातडी म्यान, हातात आलं की आधी ते पालथं करावं. निर्मात्याचं नाव किंवा सांकेतिक अक्षरं, वर्ष, ‘पी ०८’ (म्हणजे लुगर) किंवा ‘पी ३८’ असं पिस्तुलाचं नाव आणि तपासणी खात्याचा, म्हणजे वाफनआम्टचा, गरुड व क्रमांक, हे सगळं बहुधा मागच्या बाजूला, कमरपट्टा ओवायच्या दोन पट्ट्यांच्या आसपास असतं. किंमतही त्याच्यावरच ठरते, म्हणून लबाडीही तिथंच होते.

ठसा वाचण्यापूर्वी तो कसा मारलाय ते बघा. खोली अंधारी करून टॉर्च कातड्याला जवळजवळ समांतर धरा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. कारखान्यात ठसा बसायचा तो नव्या, लवचिक कातड्यावर. पुढचं घासणं, मळणं, वापर हे सगळं त्या खळग्यानंही सोसलेलं असतं. त्यामुळे अक्षरांच्या कडा मऊ, गोलसर होतात आणि खळग्याचा तळ आजूबाजूइतकाच जुना दिसतो. ऐंशी वर्षं वाळलेल्या कातड्यावर आज ठसा मारला तर वरचा पापुद्रा तडकतो, कडेनं केसासारख्या भेगा पडतात आणि तळाशी फिकट तंतू उघडे पडतात. ते झाकायला पॉलिश चोळलेलं असेल तर अक्षरांच्या कोपऱ्यांत त्याच्या गुठळ्या सापडतात. भेगा टाळायला आधी कातडं भिजवलं असेल तर ठशाभोवती पाणी सुकल्याची गडद कड उमटते. एवढं एक नीट बघायला शिकलात तरी बरेच पैसे वाचतील.

मग तारखांचा मेळ घाला. सुरुवातीच्या वर्षांत निर्मात्याचं पूर्ण नाव आणि गाव असायचं. तीन अक्षरी संकेत आले १९४० नंतर: ‘बीएमएल’ म्हणजे नॉय-उल्मचे हान्स रोमर, ‘जीएक्सवाय’ म्हणजे ड्रेस्डेनचे क्लिंगे बंधू, ‘जेडब्ल्यूए’ म्हणजे फ्रायबर्गचे मोरित्स श्टेखर. १९३७ साल आणि तीन अक्षरी संकेत एकाच होल्स्टरवर दिसले तर पुढचं काही बघायची गरज नाही. ‘पी ३८’ आणि १९३६ ही जोडीही तशीच अशक्य, कारण नावातलं ३८ म्हणजे १९३८ साल. एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, विजेसारख्या दोन खुणा दिसल्या तर आनंद होण्याऐवजी सावध व्हा. या खुणेनं किंमत कित्येक पट चढते, म्हणून खोटी खूण मारण्याचा मोह इथंच सर्वांत जास्त होतो.

सगळ्यात फसवा माल म्हणजे अस्सल, पण युद्धानंतरचा. पूर्व जर्मन पोलिसांकडे लुगर पिस्तुलं होती, पश्चिम जर्मनीत पी ३८ चंच रूप पी १ नावानं चाललं. त्यांची होल्स्टरं खरी, जुनी, वापरलेली असतात. त्यावर फक्त गरुड नवा मारलेला असतो. शिवाय हल्ली युद्धप्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी हुबेहूब प्रती बनतात, त्यातल्या काही आपल्या कानपूरहूनही जातात. त्या प्रती म्हणूनच विकल्या तर काहीच हरकत नाही.

दोऱ्यावर अतिनील टॉर्च मारून बघा. दोरा निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा नंतरचा, किंवा साबणाच्या पावडरीनं धुतलेला. चमकला नाही म्हणून अस्सल ठरत नाही, कारण १९५० च्या दशकातला साधा सुती दोराही चमकत नाही. लुगरच्या होल्स्टरमध्ये झाकणाच्या आतल्या बाजूला हत्याराचा छोटा कप्पा असतो. तो गायब असेल तर टाक्यांची रिकामी भोकं शोधा. पिस्तूल वर खेचायची आतली पट्टी आणि बक्कलाचा पट्टा हे भाग सर्वांत आधी तुटतात, म्हणून ते बदललेले असणं साहजिक आहे. विकणाऱ्यानं ते सांगितलं पाहिजे, एवढंच. तपकिरी होल्स्टर काळं रंगवलेलं असेल तर कमरपट्ट्याच्या पट्ट्यांखाली मूळ रंग डोकावतो.

‘आजोबांनी इटलीहून आणलं’ ही हकीकत आपल्याकडेही खरी असू शकते, मराठा लाइट इन्फंट्री इटलीत जर्मनांशी लढलीच होती. तरी पत्रं, फोटो, सेवापुस्तक असं काही सोबत नसेल तर पारख वस्तूचीच करावी.

घरी आणल्यावर तेल अजिबात लावू नका. तेलानं कातडं मऊ पडतं, आकार सोडतं, टाके ताणतात आणि ठसे सपाट होतात. पितळी खुंट्यांवरचा हिरवा मेणचट कळक लाकडी दातकोरणीनं कोरडाच काढा. वरचा थर लालसर भुकटी होऊन हाताला लागत असेल तर घासू नका, तिथं संवर्धनतज्ज्ञच हवा. आत पिस्तूल तर कधीच ठेवू नका. कातड्यातली आम्लं आणि ओल पोलाद गंजवतात. त्याऐवजी आम्लरहित कागदाचे बोळे भरा. झाकण सारखं उघडमीट केलं तर बिजागरीच्या घडीवर चीर पडते.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. ६५ च्या वर गेला की बुरशीची भीती, आणि पांढरे ठिपके बहुतेकदा सर्वांत आधी गोळ्यांच्या मॅगझिनच्या कप्प्याच्या तळाशी येतात, तेव्हा दर आठवड्याला तिथं टॉर्च मारून बघा.