तुम्ही विचारलंत म्हणून: आधी वजन उतरवायचं की आधी ऑपरेशन?

प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की पुष्कळ जोडपी माझ्याकडे व्यायाम शिकायला येतात. प्रश्न बहुतेक वेळा काकूच विचारतात, "यांचं वजन जास्त आहे, त्याचा त्रास होईल का हो? आधी उतरवायला हवं का?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन कधी करायचं हे सर्जनच ठरवतील, पण त्यानंतरचे कित्येक महिने ही माणसं माझ्यासमोर असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

वजनाचा फरक पडतो. रोबोटच्या मदतीने ऑपरेशन करताना पेशंटला डोकं खाली, पाय वर असं तिरकं झोपवतात. पोट मोठं असलं की त्याचा भार छातीकडे येतो आणि भूलतज्ज्ञाचं काम अवघड होतं. ओटीपोटात चरबी जास्त असली तर सर्जनला जागा अपुरी पडते. जखमेत जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, यांची जोखीमही वाढते. पण घरी गेल्यावर पुरुषांना सगळ्यात जास्त खचवते ती गळणारी लघवी, आणि तिच्याबद्दल ते सगळ्यात कमी बोलतात.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या मार्गाभोवती असते. ती काढली की मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप काम करणारी पकड बरीचशी जाते, आणि लघवी धरण्याची जबाबदारी खालच्या स्नायूंवर येऊन पडते. त्यात पोटाचा घेर मोठा असेल तर मूत्राशयावर वरून सतत दाब राहतो. खोकला आला, खुर्चीतून उठलं, की थेंब गळतात.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी सगळ्यांना सांगते. ऑपरेशननंतर 58 आठवड्यांनी, लठ्ठ आणि व्यायाम न करणाऱ्यांपैकी 59 टक्के पुरुषांची लघवी अजून गळत होती. लठ्ठ असूनही व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 25 टक्के होतं. वजन आटोक्यात पण बसून राहणाऱ्यांत 24, आणि वजनही आटोक्यात, व्यायामही चालू, अशांत 16. अभ्यास छोटा होता, तरी मला त्यातून फार धीर येतो. वजन जास्त असलेला पण हालचाल करणारा माणूस बसून राहणाऱ्या, लठ्ठ नसलेल्या माणसाच्या बरोबरीला होता.

म्हणून काकू, घाईघाईने उपाशी ठेवून वजन उतरवू नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि ऑपरेशनआधी आपल्याला ते हवे आहेत. डाळी, दूध, चालत असेल तर अंडी-मासे, हे कमी करू नका. आक्रमक कॅन्सर असेल तर वजनासाठी ऑपरेशन लांबवणं योग्य नाही. आजार संथ असेल तर किती थांबता येईल, ते सर्जनना विचारा. हातात असलेल्या दिवसांत रोज चाला, आणि लघवी अडवणारा स्नायू आवळायला शिका. श्वास न रोखता, पोट आणि मांड्या सैल ठेवून. ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेली नळी असेपर्यंत हा व्यायाम थांबवायचा, ती निघाली की डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करायचा. उठण्याआधी, शिंकण्याआधी तो स्नायू आधीच आवळून घ्यायचा.

खरी काळजी मला ऑपरेशननंतरची वाटते. घरी माणूस परतला की साजूक तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, भेटायला येणाऱ्यांबरोबर पुन्हा चहा, आणि "तुम्ही उठू नका" हा प्रेमाचा आग्रह. काही आठवडे भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलायचा नाही, हे अगदी बरोबर. पण चालणं साधारण दुसऱ्याच दिवसापासून सुरू होतं, ते घरी येऊन थांबता कामा नये. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की ऑपरेशनच्या पाच वर्षं आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंतच्या काळात ज्यांचं वजन 2.2 किलोपेक्षा जास्त वाढलं, त्यांच्यात कॅन्सर परतण्याची जोखीम जवळजवळ दुप्पट होती. वाढलेलं वजनच त्याचं कारण, असं यातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ही गोष्ट नाही.

आणि काका, आता तुमच्याशी. गळेल या भीतीने बाहेर पडणं बंद होतं, मग वजन वाढतं, मग गळणं लांबतं. काही जण पाणी पिणंही कमी करतात. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला जास्त टोचते, बद्धकोष्ठ होतं, आणि शौचाला जोर लावला की खालच्या स्नायूंवर ताण येतो. पॅड लावा, गडद रंगाची पँट घाला, वाटेत स्वच्छतागृह असलेला रस्ता निवडा आणि चालायला जा. बहुतेकांचं गळणं काही महिन्यांत बरंच कमी होतं, काहींना वर्ष लागतं. तोवर काकूंनाही बरोबर घ्या. त्यांचंही चालणं राहून गेलेलं असतं.