सिलिकॉन व्हॅली पायी बघा

सिलिकॉन व्हॅलीत गेलेले बहुतेक लोक गाडीने फिरतात, बड्या कंपन्यांच्या पाट्यांसमोर फोटो काढतात आणि परततात. माझा आग्रह आहे की कॅलट्रेनने, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजेला जोडणाऱ्या लोकल रेल्वेने जा आणि पुढचं अंतर चाला. तिकीट गाडीत मिळत नाही. क्लिपर कार्ड, म्हणजे इथल्या प्रवासाचं प्रीपेड कार्ड, असेल तर चढण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा टॅप करा.

पहिलं ठिकाण सॅन अँटोनियो स्थानकाजवळचं. सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत, वेळापत्रक बघून निघा. ३९१, सॅन अँटोनियो रोड या पत्त्यावर १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉकली यांनी सेमीकंडक्टरची प्रयोगशाळा सुरू केली. ती इमारत आता नाही. तिच्या जागी ट्रान्झिस्टर आणि डायोडची मोठाली शिल्पं उभी आहेत. शॉकलींच्या कारभाराला कंटाळून १९५७ साली आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. तिची ८४४, ईस्ट चार्ल्सटन रोडवरची इमारत इथून चालत गाठता येते. बाहेर फलक आहे, तो सावकाश वाचा. आठांपैकी जाँ होर्नी यांच्या प्लेनर पद्धतीच्या (सिलिकॉनच्या सपाट पृष्ठभागावर ट्रान्झिस्टर घडवण्याच्या) आधारे त्यांचेच सहकारी रॉबर्ट नॉइस यांनी १९५९ मध्ये सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावरच्या इंटिग्रेटेड सर्किटची, म्हणजे चिपची कल्पना मांडली, ती याच कंपनीत.

सिलिकॉन व्हॅलीच इतकी पुढे का गेली, ते मला हे अंतर चालताना नीट उमगलं. इथे नोकरी बदलायची तर घर बदलावं लागत नव्हतं, मुलांची शाळाही नाही. नॉइस आणि आठांपैकीच गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल ही चिप कंपनी काढली, फेअरचाइल्डमधल्याच काहींनी १९६९ मध्ये एएमडी ही दुसरी. कागदावर न उतरणारं कसब, म्हणजे कुठली प्रक्रिया का फसते आणि कशी सावरायची, हे माणसांबरोबर एका कंपनीतून दुसरीत गेलं. स्पर्धक कंपनीत जायला मनाई करणारे करार कॅलिफोर्नियात १८७२ पासूनच्या कायद्याने जवळपास निरर्थक ठरतात, हेही तितकंच महत्त्वाचं. बोस्टनजवळच्या रूट १२८ या महामार्गावरही कंपन्या शेजारी-शेजारी होत्या, एमआयटी हाकेच्या अंतरावर होती. पण तिथल्या बड्या कंपन्या आपापलं ज्ञान घरातच ठेवत. नुसत्या शेजाराने भागत नाही, माणसं ये-जा करू शकली पाहिजेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

ह्युलेट-पॅकार्ड (एचपी) कंपनी जिथे सुरू झाली ते ३६७, ॲडिसन ॲव्हेन्यूवरचं गॅरेज पालो आल्टो स्थानकापासून चालत जाण्यासारखं आहे. आत जाता येत नाही, वस्ती राहती आहे, फुटपाथवरूनच बघा. दहा मिनिटं पुरतात.

वाचलेला वेळ माउंटन व्ह्यूमधल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमला द्या, किमान अर्धा दिवस. तिथला ॲपल-१, म्हणजे ॲपलचा पहिला संगणक, चुकवू नका. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी त्याचे आराखडे होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या क्लबच्या बैठकीत इतरांना खुशाल वाटले होते. म्युझियम रोज उघडं नसतं. आधी त्याचा वार पक्का करा आणि बाकीचा बेत त्याभोवती आखा.