एकोणीसच फ्लॅट का?

आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून मी बरीच वर्षं प्लॅन काढलेत, आणि तिथं सगळ्यात आधी काय शिकलो तर नियमात आकडा दिसला की त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. अमुक उंचीच्या वर गेलं की दुसरा जिना लागतोय? मग एक मजला कमी कर. त्यामुळे अमेरिकेतल्या पोर्टलंडचं वाचलं तेव्हा हसूच आलं. तिथं २०१७ मध्ये नियम आला की २० किंवा त्याहून जास्त घरांची बिल्डिंग बांधायची असेल तर त्यातली काही घरं कमी उत्पन्नवाल्यांना परवडतील अशी ठेवायची. झालं, नियम लागू व्हायच्या आधीच परवानगीसाठी फायलींचा ढीग लागला, आणि नंतर बघावं तर १९ घरांची बिल्डिंग, १८ घरांची बिल्डिंग. जास्त घरं बसली असती तिथंही एकोणीसच. म्हणजे अशा बिल्डिंगांत स्वस्त घरं तर मिळाली नाहीतच, वर बाकीची साधी घरंही कमी झाली.

बिल्डरला शिव्या घालणं सोपंय, आणि घाला खुशाल, पण त्याचा हिशोब तरी बघा ना. जमिनीचे पैसे गेलेले, त्यावर व्याज चालू, सिमेंट-स्टीलला कोणी सूट देत नाही, आणि त्यात तुम्ही म्हणताय की यातली काही घरं स्वस्तात दे. तो विचारणारच, मला काय मिळणार? महापालिकेकडं रोख पैसा बहुतेक वेळा नसतो. पण परवानगी देणं तिच्या हातात असतं, आणि परवानगी म्हणजेच पैसा हे अजून बऱ्याच लोकांच्या डोक्यात येत नाही.

सगळ्यात जुना सौदा एफएसआयचा, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल त्या मर्यादेचा. जमीन तेवढीच, पण बांधकाम जास्त करू द्यायचं, म्हणजे जमिनीचा खर्च जास्त घरांवर वाटला जातो आणि त्यातून स्वस्त घरांचा तोटा भरून निघतो. वॉशिंग्टनला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीनं हे १९७४ मध्येच सुरू केलं, कॅलिफोर्नियानं १९७९ मध्ये कायदा केला. कागदावर झकास दिसतं. पण ज्यानं प्लॅन काढलेत त्याला विचारा, वाढीव मजला काय फुकट चढत नाही, एका उंचीनंतर स्ट्रक्चर बदलतं, लिफ्ट वाढते, फायरचे नियम बदलतात, आणि मग प्रत्येक चौरस फुटाचा खर्च खालच्या मजल्यांपेक्षा जास्त पडायला लागतो, तेव्हा बिल्डर म्हणतो राहू दे तुझा बोनस. शहराच्या कडेला जमीनच स्वस्त असेल तर जादा एफएसआय घेऊन तरी तो काय करणार. आणि जिथं एफएसआय दुसऱ्या वाटेनं आधीच मिळतोय तिथं स्वस्त घरांच्या बदल्यात तो कोण घेईल? बोनसला भाव यायचा तर मुळातली मर्यादा जरा घट्ट असावी लागते, आणि मर्यादा घट्ट ठेवली की बाकी सगळी घरं महागतात. या गाठीला सरळ उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

पार्किंगबद्दल थोडक्यात, प्रत्येक घरामागं गाडीची जागा सक्तीची केली की खाली बेसमेंट खणावं लागतं आणि तो खर्च गाडी नसलेल्या माणसाच्या भाड्यातही येतो. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरानं २०२१ मध्ये ही सक्तीच काढून टाकली, बरं केलं.

माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेली गोष्ट म्हणजे वेळ. फाईल टेबलावर पडून राहते तेव्हा व्याजाचं मीटर चालूच असतं. लॉस एंजेलिसच्या महापौर कॅरन बास यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आदेश काढला की पूर्ण बिल्डिंग परवडणाऱ्या घरांची असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यायचा, सुनावण्या वगैरे नाहीत. आणि गंमत म्हणजे सरकारी अनुदान न मागता खासगी बिल्डर असे प्रकल्प घेऊन यायला लागले! मग बंगल्यांच्या भागातल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि २०२३ मध्ये तो भाग आदेशातून वगळला, ते अपेक्षितच होतं म्हणा.

अजून एक खाच असते ती मुदतीची. घर किती वर्षं स्वस्त राहणार? माँटगोमेरीत सुरुवातीला विक्रीच्या घरांवर किमतीचं बंधन फक्त ५ वर्षांचं होतं, नंतर १० केलं, आणि २००५ मध्ये कुठं ३० झालं. तोवर बंधन संपलेली कितीतरी घरं बाजारभावानं विकली गेली. सवलत दिली कायमची आणि घर मिळालं थोड्या वर्षांचं, असला सौदा घरात कोणी केला असता तर आईनं फोडून काढलं असतं.

व्हिएन्ना मात्र वेगळ्या वाटेनं गेलं. १९२३ मध्ये घरांवर खास कर बसवला, मोठ्या घराला जास्त, आणि त्या पैशातून पालिकेनं स्वतः घरं बांधली, आज तिच्याकडं सुमारे २ लाख २० हजार फ्लॅट आहेत. १९८४ पासून जमीन घेऊन ठेवणारा वेगळा फंड आहे, ती जमीन बिल्डरला द्यायची तर स्पर्धा घेतात, आणि त्यात खर्चाबरोबर प्लॅनची क्वालिटीही बघतात (हे वाचून मला जरा हेवाच वाटला). वर २०१८ च्या शेवटी नियम केला की नव्यानं निवासी झालेल्या मोठ्या जमिनीवर साधारण दोन तृतीयांश बांधकाम अनुदानित घरांसाठी. याचा परिणाम बघा, पुढं तिथं जमीन घेणारा ही अट आधीच हिशोबात धरतो आणि मालकाला तेवढी कमी किंमत देऊ करतो, म्हणजे भार बराचसा जमीनमालकावर जातो. पोर्टलंडमध्ये मात्र ज्यानं जुन्या भावानं जमीन घेऊन ठेवली होती त्याच्यावर नियम मधेच येऊन पडला. तो ऑफिसात येऊन एकोणीसचाच प्लॅन काढ म्हणणार होता, आणि मीही गुपचूप काढला असता.