एक्स८६वर बिल्ड होतंय, आर्मवर लिंक तुटतंय

लिनक्स कर्नलचा ड्रायव्हर ६४-बिट एक्स८६वर एकही वॉर्निंग न देता बिल्ड होतो. ३२-बिट आर्मवर मात्र मोडपोस्टच्या (मॉड्यूलला लागणारी नावं सापडतात का ते तपासणाऱ्या) पायरीला अडकतो: `__एईएबीआय_यूएलडिवमॉड` अनडिफाइन्ड. ३२-बिट एक्स८६वर हेच दुखणं `__यूडिवडीआय३` या नावाने येतं.

कोडात कुठेतरी ६४-बिट संख्येला साध्या `/` किंवा `%` ने भागलेलं असतं. ३२-बिटवर कंपाइलर त्यासाठी लिबजीसीसी या आपल्या मदतनीस लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो, आणि कर्नल लिबजीसीसी लिंक करत नाही. हे मुद्दाम आहे. असा भागाकार महाग पडतो, तो नकळत व्हायला नको.

नुसती `.ओ` फाइल बिल्ड करून तपासलंत तर काहीच सापडणार नाही, कारण कंपाइल व्यवस्थितच होतं. त्या `.ओ`वर `एनएम` (फाइलीतली नावं दाखवणारं टूल) चालवा, त्या नावापुढे `यू`, म्हणजे अनडिफाइन्ड, दिसेल. कोणत्या फंक्शनमधून कॉल जातोय ते `ऑब्जडंप -डीआर` दाखवतो.

साध्या `/` ऐवजी हे वापरा: भाजक ३२ बिटांत मावत असेल तर `डिव_यू६४`, ६४-बिटच असेल तर `डिव६४_यू६४`, संख्या साइन्ड असेल तर `डिव_एस६४`. तिन्ही `लिनक्स/मॅथ६४.एच`मध्ये आहेत. `डिव_यू६४`ला ६४-बिट भाजक दिलात तर वरचे ३२ बिट गुपचूप गळतात. बिल्ड सुधारतो, उत्तर बिघडतं. जुन्या कोडातला `डू_डिव` मॅक्रो आणखी तिरका: भागाकार पहिल्या आर्ग्युमेंटमध्येच ठेवतो आणि परत देतो ती बाकी. `एन = डू_डिव(एन, १०००)` लिहिलंत की `एन`मध्ये बाकी उरते.

अनसाइन्ड संख्येला १०२४ने भागलं तर एरर येत नाही, कारण कंपाइलर शिफ्ट करून मोकळा होतो. पुढे कुणी त्याचे १००० केले की वर्षानुवर्षं चालणारी ओळ आर्मवर मोडते.

बाकीचे बिघाड किरकोळ. मेमरी मागणाऱ्या `केझॅलॉक`वर कंपाइलर इम्प्लिसिट डिक्लरेशन म्हणत असेल तर `लिनक्स/स्लॅब.एच` स्वतः इन्क्लूड करा. एक्स८६वर ते दुसऱ्या हेडरमधून आयतं मिळत होतं. `डीएमए_अ‍ॅडर_टी` (डीएमए पत्त्याचा टाइप) आर्मवर एलपीएई (३२ बिटांपेक्षा मोठे पत्ते वापरण्याची सोय) असेल तर ६४ बिटांचा, नसेल तर ३२चा, म्हणून छापताना `%एलएलएक्स` नको. `%पॅड` वापरा आणि व्हेरिएबलचा पत्ता द्या. ऑलमॉडकॉन्फिगमध्ये (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून बिल्ड करणाऱ्या कॉन्फिगमध्ये) डब्ल्यूएरर, म्हणजे वॉर्निंगला एरर मानणं, चालू असतो, तिथे फॉरमॅटची वॉर्निंगही बिल्ड पाडते.

हार्डवेअर रजिस्टरमधले ६४ बिट एकदम वाचणारा `रीडक्यू` ३२-बिटवर नसतो. `आयओ-६४-नॉनअ‍ॅटॉमिक-लो-हाय.एच` इन्क्लूड केलं की बिल्ड होतं, पण एका रीडचे दोन होतात. आधी खालचा अर्धा वाचायचा की वरचा, हे डेटाशीट पाहून ठरवा. उलटा क्रम हवा असेल तर `हाय-लो` हेडर आहे.

केकॉन्फिगमध्ये (ड्रायव्हर कधी बिल्ड व्हावा हे ठरवणाऱ्या फाइलीत) `डिपेंड्स ऑन एक्स८६` टाकूनही एरर जाते. हार्डवेअर खरोखर फक्त एक्स८६वरच असेल तर ठीक, पण तेव्हाही `|| कंपाइल_टेस्ट` (नुसतं बिल्ड तपासण्यापुरती मुभा) जोडा. नाहीतर तो ड्रायव्हर इतर आर्किटेक्चरवर कुणी बिल्डच करणार नाही.

तपासायला बिल्डच्या कमांडला `आर्च=आर्म`, `क्रॉस_कंपाइल=आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ-` आणि `ओ=` ने वेगळी डिरेक्टरी द्या. `क्रॉस_कंपाइल`मधल्या प्रीफिक्सच्या शेवटची `-` लिहायची राहिली तर कंपाइलरच सापडत नाही.