फॉरमॅट मारू नका, आधी हे पाहा : माझा अनुभव

कॉम्प्युटरवरचे सगळे आयकॉन अचानक एकसारखे झाले, कशावरही क्लिक केलं तरी पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअरच उघडतं आणि फाइल खराब आहे म्हणून सांगतं, असं तुमच्या घरी झालं असेल तर घाबरू नका. एवढ्यावरून तुमची एकही फाइल गेलेली नसते. कोणी लगेच फॉरमॅट मारायला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला, सांगत असेल, तर त्याच्या हाती कॉम्प्युटर देऊ नका. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी ग्रामसंघाची लिपिका आहे. गावातल्या बचत गटांचे हिशोब माझ्याकडे असतात. रजिस्टरं तर लिहावीच लागतात, पण बेरजा, थकबाकी, बँकेला द्यायचे तक्ते हे सगळं मी घरच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये ठेवते. कॉम्प्युटर जुना, विंडोज ७ चा. उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, त्याच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्यानंतर पाचवं सूत्र अद्ययावत हिशोबाचं आहे, आणि ते मी मनापासून पाळते. बायांनी कापूस वेचून, निंदण करून टाकलेला पैसा आहे तो.

घडलं ते असं. जाऊबाईंच्या पोट्ट्याने लग्नाची पत्रिका पेनड्राइव्हवर आणली होती. तो पेनड्राइव्ह कुठेतरी प्रिंट काढायला लावलेला, तिथल्या व्हायरसमुळे फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट झालेले. ते उघडेनात, म्हणून त्याने राइट क्लिक करून ओपन विथमध्ये पीडीएफचं सॉफ्टवेअर निवडलं. खाली 'ऑलवेज यूज द सिलेक्टेड प्रोग्रॅम' अशी खूण असते, ती तशीच राहिली. झालं, डेस्कटॉपवरचा, स्टार्ट मेनूमधला, खालच्या पट्टीवरचा प्रत्येक शॉर्टकट पीडीएफवाल्याच्या ताब्यात गेला. लेकराचा यात दोष नाही, अशी खूण कोणाकडूनही राहते.

एका गटाचं बँकेचं कर्जप्रकरण त्याच आठवड्यात द्यायचं होतं. म्हणून सीपीयू सतरंजीत गुंडाळून एसटीने तालुक्याला नेला. बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं. दुकानातल्या मुलाने तो सुरू केला, दोन आयकॉनवर क्लिक केलं आणि सांगून टाकलं, "ताई, व्हायरस घुसला याच्यात. फॉरमॅट मारा लागते. 500 रुपये."

मी विचारलं, "आणि माझा डाटा?"

"त्या फायली तं खराबच झाल्या ना. मॅसेज येऊन राह्यला पाहा."

मी म्हटलं, भाऊ, एखादी फाइल सरळ तिच्या फोल्डरमध्ये जाऊन उघडून तर पाहा. त्याने पाहिली नाही. 'ठेवून जा, सांगतो' म्हणाला. ठेवून आले, पण जाताना कागदावर मोठ्या अक्षरात 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं लिहून सीपीयूला चिकटवलं. हे मात्र प्रत्येकाने करा. कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकताना ही चिठ्ठी आणि दुकानदाराच्या सहीची पावती, दोन्ही हवं.

मग सुरू झालं उद्या या, परवा या. फोन लावला की उचलत नाहीत. उचलला तर 'मेन माणूस बाहेर गेला'. मी प्रत्यक्ष गेले तेव्हा माझा सीपीयू मागच्या खोलीत दुसऱ्या डब्यांच्या खाली होता आणि माझी चिठ्ठी जशीच्या तशी वर होती. कोणी हात लावला नव्हता. विचारलं तर पुन्हा तेच, फॉरमॅट मारा लागते, तुम्हीच मारू देत नाही. म्हणजे खोळंबा त्यांचा आणि नाव माझं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते गावात आल्यावर. बैठकीत एक म्हातारी बाई म्हणाली, "बाई, मंग आमचे पैशे कुठी लिहेल हायेत आता?" रजिस्टर दाखवलं, समजावलं, तरी तिच्या चेहऱ्यावरची शंका गेली नाही. फॉरमॅट मारा हे बोलायला एक क्षण लागतो. ज्याच्या फाइली असतात त्याने कित्येक रात्री बसून त्या केलेल्या असतात. त्या वाचतील की नाही हे पाहण्यापुरतं एक डबल क्लिक करायला काय हरकत होती? दुकानातल्या माणसाला सगळं आलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण येत नसेल तर तसं सांगावं. ग्राहक बाई आहे, खेड्यातली आहे, म्हणून काहीही सांगितलं तर चालतं हे मला मान्य नाही. चेकिंगचे पैसे मोजून मी सीपीयू परत आणला.

रात्री नागपूरला शिकणाऱ्या भाचीला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला तो दुकानात कोणीच विचारला नव्हता. "मावशी, आयकॉनच्या नावापुढे शेवटी काही जास्तीचं आलं आहे का?" पाहिलं तर खरंच, प्रत्येक नावापुढे डॉट एलएनके. ती म्हणाली, मग झालं, सापडलं. शॉर्टकट ही स्वतंत्र छोटी फाइल असते, तिच्यात खऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता असतो. डॉट एलएनके हे तिचं शेवटचं नाव, आणि विंडोज ते एरवी कधीच दाखवत नाही. दिसायला लागलं म्हणजे ती फाइल कोणी उघडायची याची नोंद बदलली आहे.

मग तिने विंडोजचं बटण आणि ई दाबायला लावलं, फोल्डर उघडलं, आणि गटाच्या एक्सेल फाइलवर मी थेट डबल क्लिक केलं. उघडली! सगळे आकडे जागेवर. मी तिथेच थोडा वेळ बसून राहिले. पत्ता सांगणारे शॉर्टकट तेवढे बिघडले होते. फाइली आणि प्रोग्रॅम दोन्ही शाबूत होते. अशा वेळी विंडोज आणि आर दाबून 'एक्सेल' टाइप केलं तरी एक्सेल उघडतं, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत काम अडत नाही. बँकेचे तक्ते मी त्याच रात्री असेच काढले.

आणखी एक खात्री तिने करून घेतली. कॉम्प्युटरवर नवीन यूजर अकाउंट बनवून त्यात शिरले, तर तिथे सगळे आयकॉन ठीक. म्हणजे बिघाड फक्त माझ्या अकाउंटच्या नोंदीत.

दुरुस्ती लिहायला घेतली तर चार ओळींची. विंडोज आणि आर दाबा, 'रेजएडिट' इंग्रजीत (regedit) टाइप करा. विंडोजच्या नोंदींची वही, म्हणजे रजिस्ट्री, उघडते. डाव्या बाजूला एचकेईवाय करंट यूजर, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स असं आत जा. तिथे टिंबाने सुरू होणाऱ्या नावांची लांब यादी दिसते. त्यात डॉट एलएनके शोधा. त्याच्या आत यूजरचॉइस नावाची 'की', म्हणजे फोल्डरसारखी दिसणारी नोंद, असेल. माझ्या तिथे उजवीकडे त्या पीडीएफवाल्याचंच नाव होतं. फक्त यूजरचॉइस डिलीट करा, कॉम्प्युटर बंद करून सुरू करा. माझे सगळे शॉर्टकट चालू झाले.

डिलीट करण्याआधी मात्र ती की फाइल मेनूतल्या एक्सपोर्टने डेस्कटॉपवर साठवून ठेवा, हे वर सांगायला हवं होतं. रजिस्ट्रीत चुकीची गोष्ट उडवली तर विंडोजच बिघडू शकतं, म्हणून आजूबाजूच्या कशालाही हात लावू नका.

दुरुस्तीनंतर शॉर्टकट नीट चालतात पण चित्रं पीडीएफचीच दिसत राहतात, असं काहींचं होतं. तेव्हा आयकॉनकॅश ही लपलेली फाइल डिलीट करायची. विंडोज ७ मध्ये ती आपल्या यूजर फोल्डरच्या अॅपडेटामधल्या लोकलमध्ये असते, आणि विंडोज ती नव्याने बनवतं.

डॉट एलएनकेऐवजी डॉट ईएक्सईची, म्हणजे खुद्द प्रोग्रॅमच्या फाइलींची, नोंद बिघडली असेल तर प्रकरण अवघड, कारण मग रेजएडिटसुद्धा उघडत नाही. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणायचा, फाइलमध्ये न्यू टास्कवर कंट्रोल दाबून धरत क्लिक करायचं. काळी कमांडची खिडकी उघडते, आणि तिथून रेजएडिट चालतं. हे भाचीने सांगितलेलं, आमच्या शाळेतल्या एका गुरुजींच्या कॉम्प्युटरवर पुढे कामाला आलं. त्यांनाही फॉरमॅटच सांगितलं होतं.

पीडीएफचं सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा सल्लाही मला कोणीतरी दिला होता. त्याने ही नोंद जाईलच असं नाही, उलट एक कामाचं सॉफ्टवेअर जातं.

कर्जप्रकरण वेळेत गेलं. पुढच्या बैठकीनंतर त्या म्हातारीला घरी बोलावून तिच्या नावापुढची बचत स्क्रीनवर दाखवली. घरात मुलांसाठी मी आता वेगळं अकाउंट करून दिलं आहे. ही खूण ज्याने लावली त्याच्याच अकाउंटमध्ये राहते, त्यामुळे त्यांनी ओपन विथमध्ये काहीही निवडलं तरी हिशोबाच्या अकाउंटला त्याचा धक्का लागत नाही. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 पासून बंद केले आहेत, म्हणून बाहेरचा पेनड्राइव्ह हिशोबाच्या मशीनला मी लावूच देत नाही, आणि गटांच्या फाइलींची एक प्रत दर बैठकीनंतर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेते. तो पेनड्राइव्ह ग्रामसंघाच्या कपाटात असतो, किल्ली अध्यक्षांकडे.